पाठ भिंतीला टेकली, आता काय?

आधी ते सतरा टॅब बंद कर बघू. सगळे. एका खिडकीत लेन्स, शेजारच्या खिडकीत तिचीच निंदानालस्ती, आणि तिसरीत कुणीतरी विटांच्या भिंतीचा कोपरा मोठ्ठा करून उसासे टाकतोय. असं बघत बसलं तर जन्मात लेन्स घेऊन होणार नाही. काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘ताई, १६-३५ घेऊ की १७-४० की टॅमरॉन, की नादच सोडू?’ तेव्हाच ओळखलं, ही आज झोपत नाही. मीही जागीच होते म्हणा, पण माझं आपलं विरजण लावायचं राहिलं होतं.

चहा ठेव आणि बस. गवंडी, प्लंबर आणि सासरे या तिघांना एकाच महिन्यात सांभाळून तू तीन खोल्यांचा होमस्टे उभा केलास. त्यापुढे लेन्स म्हणजे काय गं!

तुझी अडचण माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर थांबव. जुना छोट्या सेन्सरचा कॅनन तू दिराला दिलास आणि स्वतःला सेकंडहँड ६डी घेतलास, सोबत २४-१०५ आली. कॅमेरा चांगला घेतलास. २०१२ सालचं मॉडेल आहे, पण वीस मेगापिक्सेल आपल्याला पुरून उरतात आणि कमी उजेडात तो रडत नाही. आता होमस्टेच्या खोलीत कोपऱ्यात शिरून तू पाठ भिंतीला टेकवतेस, तरी पलंगाबरोबर खिडकी येत नाही. खिडकी घ्यावी तर पलंगाचे पाय जातात. आणि तुझ्या मनात येतं, जुन्या कॅमेऱ्यात तर सगळं मावत होतं, एवढे पैसे घालून खोली लहान कशी झाली?

खोली तेवढीच आहे, तुझी १०-१८ लेन्स तेवढी कपाटात राहिली. छोट्या सेन्सरच्या कॅननवर लेन्सच्या आकड्याला १.६ ने गुणायचं, म्हणजे तिथली १० ही इथली १६ झाली. फुलफ्रेमवर, म्हणजे तुझ्या ६डीवर, गुणाकार नाही, २४ म्हणजे २४च. तू १६ सोडून २४ वर आलीस, म्हणून घुसमट होतेय. आणि बघ, ती १०-१८ काढून ६डीला लावायला जाऊ नकोस. ती बसतच नाही. मी एकदा माझी तशीच लेन्स फुलफ्रेमला लावायला गेले होते. लोणच्याच्या बरणीचं झाकण आट्यावर बसत नसलं की आपण जरा जोर देतो ना, तसा दिला. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या लेकराचा हात पिरगाळतेय. निकॉनवाल्या मैत्रिणींचं जरा वेगळं आहे. त्यांची छोट्या सेन्सरची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर बसते, पण मग कॅमेरा मधलाच तुकडा वापरतो. तेव्हा तुझी १०-१८ दिराच्या गळ्यात मार, त्याच्या कॅमेऱ्याला ती बरोबर लागेल. आणि फुकट देऊ नकोस गं, पैसे घे. तेवढीच भर पडते.

मात्र द्यायच्या आधी एक काम कर. त्या लेन्सने काढलेले जुने फोटो लॅपटॉपवर उघड. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते. तुझ्या आवडीचे पन्नासेक फोटो बाजूला काढ आणि कुठला आकडा किती वेळा येतो ते वहीत मांड. अकरा असेल तर इथे साडेसतरा, बारा असेल तर एकोणीस, पंधरा असेल तर चोवीस. पंधरा-सोळाच जास्त निघाले तर देवाचे आभार मान आणि काही घेऊ नकोस, तुझी २४-१०५ तेच करते. अकरा-बाराच्या आसपास गर्दी झाली तर १७ पासून सुरू होणारी कुठलीही लेन्स तुला पुरेल. आणि सगळे फोटो दहावरच काढलेले असले, तर बाई, तू रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवून विसरून गेली होतीस. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं, म्हणून सांगते.

१६ आणि १७ मध्ये किती फरक असतो, यावर तुझी झोप उडालीय ना? चल, खोलीतच मोजू. कॅमेरा आडवा धरला की सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. समोरची भिंत जितके फूट लांब असेल त्याला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या आकड्याने भागायचं. तुझी दहा फुटांची खोली धर. ३५ वर समोरची सव्वादहा फूट भिंत दिसेल, २४ वर पंधरा फूट, १७ वर एकवीस, १६ वर साडेबावीस. म्हणजे चोवीसवरून सतरावर आलीस की सहा फूट वाढले, एक अख्खं कपाट आणि त्याशेजारचं दार. सतरावरून सोळावर आलीस की दीड फूट. त्या दीड फुटासाठी किती पैसे जास्त मोजायचे, हे तुझं तू ठरव. हिशेब तर तुला माझ्यापेक्षा बरा येतो.

आता एक पोटातलं सांगते. रुंद लेन्सने खोली जितकी मोठी दाखवता येते तितकी दाखवू नये. पहिल्यांदा मी ओळखीच्या एकांच्या घरगुती लॉजचे फोटो काढून दिले, तेव्हा लेन्स नवी आणि मी उत्साही. दहा बाय दहाची खोली मंगल कार्यालयासारखी आली. मालक खूश, मी खूश. दिवाळीच्या सुट्टीत सहा जणांचं कुटुंब तेवढ्याच खोलीत राहायला आलं, गाद्या टाकू म्हणाले, फोटोत तर जागा दिसत होती! मला फोन आला तेव्हा मी चकल्या पाडत होते, चकली हातातच राहिली. तेव्हापासून खोलीचा मुख्य फोटो मी २० ते २४ च्या मध्ये काढते आणि सतरा फक्त न्हाणीघरासाठी किंवा जिन्यासाठी ठेवते, जिथे खरोखर पाय मागे घ्यायला जागा नसते. म्हणूनच आपल्याला झूम हवी. मोकळ्या माळावर दोन पावलं मागे गेलं की झालं, घरात मागे भिंत असते.

कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर ठेव आणि समोर सरळ बघू दे. जरा वर झुकवलास की दोन्ही भिंती एकमेकींवर रेलतात, खाली वाकवलास की फाकतात. रुंद लेन्समध्ये हे फार जाणवतं. स्क्रीनवर जाळी लावता येते, दाराची चौकट त्या रेषेला समांतर आण आणि मगच बटण दाब. माहेरच्या घराचा मी काढलेला पहिला फोटो बघून वडील म्हणाले होते, ‘एवढं पडायला आलंय का गं?’

आणि कडेला माणूस उभा करू नकोस. ही चूक मी बारशाच्या दिवशी केली. माणसं वीस, हॉल एवढासा, मी सतरावर जाऊन सगळ्यांना बसवलं आणि आत्याबाई बरोबर डाव्या टोकाला आल्या. फोटोत त्यांचा गाल खांद्यापर्यंत पसरलेला आणि दंड तर विचारू नकोस. पुढच्या दोन दिवाळ्या त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही. आता यात लेन्स स्वस्त होती म्हणून असं झालं असं समजू नकोस हं. एवढं रुंद दृश्य सपाट चौकोनात बसवायचं म्हटलं की कडा ताणल्या जातातच, पोळी मोठी करायला गेलं की कडेला ओढ बसते तशी. लाखाची लेन्स आणलीस तरी आत्याबाई पसरणारच. माणसं मध्यावर घे, कडेला भिंत, झाड, पडदा, ज्याला राग येत नाही असं काहीतरी येऊ दे.

बरं, आता लेन्सकडे वळू. तुझ्या ६डीसाठी मी तीनच नावं घेणार आहे, चौथं विचारू नकोस.

पहिली, कॅननची १७-४० एफ/४. २००३ सालची, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची, लाल पट्टीवाली. बाजारात वापरलेल्या इतक्या आहेत की घासाघीस करायला वाव असतो. माझी मी बऱ्यापैकी पैठणीच्या पैशांत घेतली, आणि पैठणीपेक्षा जास्त वेळा बाहेर काढली. तिचा दोष सरळ सांगते: १७ वर एफ/४ ला कोपरे मऊ येतात. मधला भाग स्वच्छ, कोपरे जरासे लोण्यासारखे. एफ/८ किंवा ११ ला नेलीस की ते बरेच आवरतात. तू खोलीचे फोटो ट्रायपॉडवर एफ/८ लाच काढणार, मग तुला त्या मऊपणाचं काय पडलंय? तिला हात स्थिर धरायची सोय, म्हणजे आयएस, नाही. आणि पावसा-धुळीपासून तिचं रक्षण पूर्ण व्हायला पुढे फिल्टर लावावा लागतो, हे लक्षात ठेव.

दुसरी, कॅननचीच १६-३५ एफ/४, २०१४ सालची, आयएसवाली. ६१५ ग्रॅम. ही खरंच उजवी आहे, खोटं कशाला बोलू. कोपरे एफ/४ लाही कडक, आणि आयएसमुळे चार स्टॉपपर्यंत आधार मिळतो असं कंपनी सांगते. हातात धरून सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत आपण साध्या लेन्सने जातो. हिच्यावर श्वास धरून उभी राहिलीस तर अर्ध्या सेकंदापर्यंत जमून जातं. पण समोर चालणारा माणूस आयएसने थांबत नाही हं, तो हललेलाच येतो. सेकंडहँड घेतली तरी हिला १७-४० पेक्षा बरेच जास्त पैसे पडतात.

तिसरी टॅमरॉनची १७-३५, २०१८ ची, ४६० ग्रॅम. १७ च्या टोकाला ती एफ/२.८ पर्यंत उघडते आणि ३५ कडे जाताजाता एफ/४ होते. आयएस हिलाही नाही. रात्रीचं आकाश काढायची हौस असेल तर हिचा विचार कर, कारण तिथे प्रकाशाचा थेंब न् थेंब लागतो. तारे रेघा ओढायच्या आत सतराच्या लेन्सला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं.

आणखी एक सोय बघ. या तिन्ही लेन्सचा फिल्टर ७७ मिलिमीटरचा, आणि तुझ्या लाल पट्टीच्या २४-१०५ एफ/४ चाही ७७. म्हणजे तुझं झाकण, तुझा फिल्टर, सगळं या लेन्सना लागतं. नवरा-भावाच्या चपला एका मापाच्या असाव्यात तसं. फक्त तुझा तो पोलरायझर १७ वर वापरून निळ्या आकाशाचा फोटो काढू नकोस. आकाशात मधेच गडद डाग पडतो, घामाने शर्ट भिजल्यासारखा.

आता एफ/२.८ चा मोह. तुझ्या टॅबमध्ये कॅननची १६-३५ एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती उघडी होती, मला माहितीय, कारण मीही ती दर पाडव्याला उघडते आणि मिटते. एफ/४ च्या दुप्पट प्रकाश घेते, बरोबर. पण दुप्पट प्रकाश म्हणजे फोटोत एवढंच, की जिथे आयएसओ ३२०० ठेवावा लागला असता तिथे १६०० वर भागतं. तुझ्या कॅमेऱ्याला ३२०० जड जात नाही. त्या लेन्सचं वजन ७९० ग्रॅम, फिल्टर ८२ चा, म्हणजे तो नवा आणावा लागणार, आणि किमतीत होमस्टेचा गिझर, दोन गाद्या नि पडदे येतील. लग्नाची कामं रोज करणारीने ती घ्यावी. तू नको.

एफ/४ ने भागतं का, हे मला खिद्रापूरच्या कोपेश्वरात कळलं. तू गेली नसशील तर जा, शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आहे. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि वर छताला मधोमध मोठं गोल उघडं तोंड, तिथून थेट आकाश. खाली गोल दगड आहे. मी सकाळी लवकर गेले होते, कुणी नव्हतं, तर सरळ त्या मंडपात पाठीवर आडवी झाले आणि १७-४० आकाशाकडे धरली. पाठीला दगड गार लागत होता, ओढणी डोक्याखाली. २४ वर ठेवलं तर नुसतं गोल आकाश आणि दगडाची कड दिसत होती. हळूहळू रिंग फिरवली, वीस, एकोणीस, अठरा, आणि चारी बाजूंनी खांब आत यायला लागले, पाहुण्यांनी ताटाभोवती दाटी करावी तसे. सतराला ते सगळे आकाशाकडे वाकून बघत होते. तिथे उजेड भरपूर, एफ/८ मजेत मिळाला.

मग आत सभामंडपात गेले तर गुडुप अंधार. ट्रायपॉड गाडीतच ठेवला होता. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत तो लावायला परवानगी लागते, हे तुझ्याही कामाचं आहे. खांबाला खांदा टेकवला, कोपर पोटाशी घट्ट धरलं, एफ/४, आयएसओ ३२००, पंधरावा भाग. दहा फोटो काढले, त्यातले तीन स्वच्छ आले. आयएसवाली लेन्स असती तर दहातले आठ आले असते, हे कबूल करते. म्हणून देवळातल्या काळोखात तुला वरचेवर जायचं असेल तर थोडं थांब, पैसे साठव आणि १६-३५ एफ/४ घे. मुख्य काम होमस्टेचं आणि देवळं महिन्या-दोन महिन्यांनी, असं असेल तर १७-४० घे आणि उरलेल्या पैशांत ट्रायपॉड चांगला घे. मला विचारशील तर तुला १७-४० च बरी.

बाहेर आल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे. सवयीने मी लांब उभी राहून सगळी भिंत घेतली, तर फोटोत खाली एवढं अंगण, वर एवढं आकाश, आणि देऊळ मधे शिळ्या भाकरीसारखं चपटं. मग एका झिजलेल्या हत्तीपाशी उकिडवी बसले, अगदी फूट-दीड फुटावर. हत्ती मोठा झाला आणि त्याच्यामागे सगळी भिंत पळत लांब गेली. या लेन्स सेन्सरपासून २८ सेंटिमीटरवरही फोकस करतात, म्हणजे काचेपासून वीतभर अंतरसुद्धा लागत नाही. तू तुझ्या अंगणातलं तुळशीवृंदावन असंच जवळ जाऊन काढ, मागे घर आपोआप येईल. १७ वर एफ/८ ठेवून चार फुटांवर फोकस केलंस तर दोन फुटांपासून डोंगरापर्यंत सगळं नीट दिसतं. हा एक आकडा पाठ कर, बाकीचं गणित मी विसरले तरी माझं काही अडलं नाही.

दुसरे कॅमेरे असणाऱ्या मैत्रिणींचं दोन शब्दांत सांगते, कारण तू हे त्यांना पाठवणार हे मला ठाऊक आहे. निकॉनचा जुना आरसेवाला फुलफ्रेम असेल तर त्यांची १८-३५ जी घ्या, २०१३ ची, ३८५ ग्रॅम, पर्समध्ये मावते. सोनी असेल तर टॅमरॉन १७-२८ नाहीतर सिग्मा १६-२८, दोन्ही एफ/२.८ असून अर्ध्या किलोच्या आत. कॅननचे नवे आर कॅमेरे असतील तर १५-३० एसटीएम, ३९० ग्रॅम. किंवा वर सांगितलेल्या जुन्या लेन्स अॅडॉप्टर लावून वापरा, कॅननचाच अॅडॉप्टर असला की फोकससकट सगळं चालतं. आणि जिची पुढची काच बुबुळासारखी फुगून बाहेर आलीय अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी पहिली म्हणून नको, तिला साधा फिल्टर लागत नाही आणि आपला पदर तिला लागल्याशिवाय राहत नाही.

आता सेकंडहँड कशी पारखायची ते नीट ऐक, इथे मी पोळलेय. माझी पहिली जुनी लेन्स मी एका पेट्रोल पंपावर घेतली. देणारा घाईत, मी भिडस्त. चार फोटो काढले, छोट्या पडद्यावर छान दिसले, पैसे दिले. पुढे एका लग्नात ग्रुप फोटो काढले आणि घरी येऊन मोठे करून बघते तर उजवी बाजू लख्ख, डावी धूसर. आतली काच सरकलेली होती. आणि डावीकडे नेमका सगळा वरपक्ष! विहीणबाईंनी विचारलं, ‘आमच्याच बाजूला धुकं कसं पडलं हो?’ काय सांगणार?

म्हणून जाताना वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान घेऊन जा. लाजू नकोस. भाजी घेताना काकडीचं टोक मोडून चाखतेस ना, मग एवढे पैसे देताना कसली लाज? ते पान भिंतीवर ताठ चिकटव, शक्य असेल तर चार पानं, चार कोपऱ्यांना. कॅमेरा स्टुलावर टेकवून भिंतीच्या अगदी समोर ठेव. लेन्स १७ वर, एक फोटो एफ/४ ला, एक एफ/८ ला. मग पडद्यावर मोठं करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाच. चारही सारखीच मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू वेगळी दिसली तर हात जोड आणि घरी ये.

नंतर लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च मागून मार आणि पुढून तिरकं बघ. बारीक धुळीचे कण दिसतील, त्याने काही होत नाही, एवढी धूळ माझ्या घरातल्या प्रत्येक लेन्समध्ये आहे. जाळ्यासारखे, मुळांसारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नकोस, कितीही स्वस्त असली तरी. झूमची रिंग फिरव, मधे वाळू चावल्यासारखं करकरलं तर विचार. कॅमेऱ्यावर लावून एफ/११ ला पाच-सहा फोटो काढ. ‘एरर ०१’ आलं तर ती कॅमेरा-लेन्सची बोलचाल बंद झाल्याची खूण. कधी नुसते संपर्काचे बिंदू पुसून भागतं, पण भागलं नाही तर दुरुस्ती तुझ्या डोक्यावर. पुढचा काठ चेपलेला असेल तर ती कधीतरी पडलीय. मूळ बिल आणि खोका असला तर उत्तम, नसला तर भाव त्या हिशेबाने कर.

आणि घरी आणल्यावर? तुझं गाव कोकणातलं, जूनपासून कपाटातल्या साड्यांनाही वास येतो. लेन्स कापडी बॅगेत ठेवून विसरू नकोस. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेव. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की निवांत. जेलचे मणी ओले होऊन रंग बदलतात तेव्हा ते गरम करून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी वेगळं भांडं ठेव, स्वयंपाकाच्या कढईत मुळीच नको, काही मण्यांना दिलेला रंग विषारी असतो. मला कुणीतरी सांगितलं होतं, तांदळात ठेव, तांदूळ ओल शोषतो. ठेवली मी स्टीलच्या डब्यात. त्या तांदळाला मीच वर्षाची बोरिक पावडर लावून ठेवलेली, ते काही आठवलं नाही. पुढे महिनाभर रिंग फिरवली की पांढरी भुकटी झडायची, आणि सासूबाई रोज विचारायच्या, ‘तुझी ती काळी बरणी शिजली का गं?’

पैसे आत्ताच नाहीत म्हणालीस, तर तोवर एक फुकटचा उपाय सांगते. कॅमेरा उभा धर, २४ वर, आणि एकाच जागी उभी राहून डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो काढ. प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग येऊ दे, कापड जोडताना शिवणीला जागा सोडतो तशी. एक्सपोजर हाताने ठरवून तेच ठेव, नाहीतर ठिगळं दिसतात. मग लॅपटॉपवर जोड. समोरून मांजर गेलं तर त्याला सहा पाय येतात, आणि टेबलाची कड फार जवळ असली तर ती तुटते, पण रिकाम्या खोलीला आणि अंगणाला हे मस्त चालतं. या मोसमाचे फोटो असेच काढ. गणपतीनंतर हातात पैसे आले की लेन्स.

आणि एकटी घ्यायला जाऊ नकोस, तू भिडस्त आहेस, माझ्यावरच गेलीस. तेव्हा विकणाऱ्याला एखाद्या रविवारी सकाळी अकराची वेळ दे, आधी माझ्याकडे ये, मऊभात खाऊन निघू. छोट्या जाहिरातींची पानं मी आठवडाभर काढून ठेवते. तू फक्त ६डीची बॅटरी चार्ज करून आण, आणि ते वेंधळेपणाने हरवलेलं ७७ चं झाकण माझ्याकडे सोफ्याखाली सापडलंय, तेही घेऊन जा.